राहेलआजींची बिननावाची प्रार्थना

ऐंशी ओलांडल्यावर राहेलआजींना नावं आठवेनाशी झाली. तरी दर रविवारी चर्चमध्ये दुखणेकऱ्यांसाठी प्रार्थना त्याच करायच्या. नवे सेक्रेटरी शलमोनराव पाटोळे एकदा भर उपासनेत कडाडले, "आजी, माझं नाव सांगा, नाहीतर हे काम सोडा!"

आजी गोंधळल्या. शमुवेल? शौल? छे! चेहरा रोजचा, पण नाव काही केल्या सापडेना. शेवटी त्यांनी डोळे मिटले.

"प्रभू, नावं तुला ठाऊकच असतात, मी आपली दुखणी सांगते. बायको गेल्यापासून ह्या लेकराच्या घशाखाली घास उतरत नाही. त्याच्याकडे बघ."

शलमोनराव मटकन बाकावर बसले. उपासना संपल्यावर आजींजवळ येऊन म्हणाले, "आजी, काम तुमच्याकडेच राहू द्या."

आजी पुन्हा गोंधळल्या. "काम? कुठलं काम, बाबा?"