गारठलेल्या हाताची पारख

एकदा एक कापडव्यापारी, दुकान मुलाच्या हाती सोपवून, वनौषधी शिकण्यासाठी डोंगरातल्या एका वृद्ध वैद्यांकडे येऊन राहिला. सहा महिन्यांत तो पाने-मुळे ओळखू लागला. मग पौषाच्या थंडीत एके दिवशी वैद्य म्हणाले, "शेटजी, उद्या निघू. आठ दिवस रानात राहायचे आहे. तुमची तयारी तुम्हीच करा."

आयुष्यभर बोटांच्या चिमटीत कापडाची जात ओळखलेला माणूस तो! त्याने घट्ट विणीची सुती बंडी आणि धोतर निवडले. गुळगुळीत शिसवी मुठीचा सुरा कमरेला खोचला. चकमकीचे दगड आणि कापूस रेशमी बटव्यात ठेवला. सकाळी तो अभिमानाने म्हणाला, "पाहा तरी, काही उणे आहे का?"

वैद्यांनी त्याला आपादमस्तक न्याहाळले आणि "चला" म्हणून ते पुढे झाले. झोपडीखालचा ओढा ओलांडताना त्यांनी त्याला दोन्ही हातांनी पाण्यात ढकलून दिले.

बर्फासारख्या पाण्याने त्याचा श्वासच कोंडला. धडपडत तो काठावर आला. "अहो, वेड लागलं का तुम्हाला?" संतापाहून धक्काच मोठा होता. याच हातांनी वाढलेले अन्न तो सहा महिने जेवला होता.

"आता जाळ करा," वैद्य शांतपणे म्हणाले.

त्याने बटवा उघडला. कापसातून पाणी निथळले. काटक्या तोडायला सुरा उपसला, तर मूठ बधिर बोटांतून निसटली आणि सुरा ओढ्यात गेला. बंडी अंगाला चिकटली होती. वारा हाडांपर्यंत शिरत होता. दात वाजू लागले. आपले हात आपले ऐकत नाहीत हे पाहून तो मनापासून घाबरला.

तेव्हा वैद्यांनी त्याला आधार देत झोपडीत नेले, चुलीपाशी बसवले आणि ओले कपडे उतरवून खरबरीत घोंगडे अंगावर घातले.

"माझा धाकटा भाऊ असाच पाण्यात पडला होता, इथून तीन दिवसांच्या वाटेवर," ते म्हणाले. "वस्तू त्याच्याही उत्तमच होत्या. मी पोहोचलो तेव्हा त्याच्या मुठीत ओला कापूस होता. शेटजी, बाजारात माणूस उबदार हाताने वस्तू पारखतो. रानात ती गारठलेल्या हाताने वापरावी लागते. मी नुसते सांगितले असते, तर तुम्ही मान डोलावली असती. इथे चूल वीस पावलांवर होती, म्हणून ढकलले."

व्यापारी दिवसभर चुलीपाशी अंग शेकत बसला. दुसऱ्या दिवशी त्याने गार पाण्याच्या घंगाळात हात बुडवले, बोटे बधिर झाल्यावर झोपडीतली एकेक वस्तू उचलून पाहिली. सुतळी गुंडाळलेल्या मुठीचा जुना कोयता हातात टिकला. कोरडा कापूस त्याने बांबूच्या नळीत घालून तिचे तोंड मेणाने बंद केले. घोंगडे खांद्यावर टाकले.

दाराशी येऊन त्याने हळूच विचारले, "भावाचं नाव काय होतं?"

"रखमाजी," वैद्य म्हणाले. कितीतरी वर्षांनी ते नाव त्यांच्या ओठांवर आले होते.

मग दोघे रानाच्या वाटेला लागले.