हैबतीच्या जबड्याचा टक्का

खैरमाळ नावाच्या गावात हैबती नावाचा एक भोळा शिपाई राहत होता. लढाईत तोफगोळ्याची कपची लागली आणि त्याच्या वरच्या जबड्याचं हाड अर्ध्याहून जास्त गेलं. बाकी हैबती शाबूत परतला. अक्कल होती तेवढीच राहिली. पलटणीनं त्याला एकच गोष्ट पक्की शिकवली होती: हुकूम मिळाला की पाळायचा, आणि दुसरा मिळेपर्यंत पाळत राहायचा.

घरी त्याला दुधात कुस्करलेल्या भाकरीवाचून काही जाईना. टाळूला पडलेलं भोक बुजवणारी सरकारी कवळी होती, पण ती घातली की तासाभरात हिरड्या सोलून निघत. अपंगत्वाचा टक्का वीसच्या वर ठरला तर जन्मभर पेन्शन आणि दारात म्हैस. खाली ठरला तर रामराम. टक्का ठरवायला जिल्ह्याच्या गावी तीन डॉक्टरांचं बोर्ड बसे.

हैबती बोर्डापुढे गेला. मोठे डॉक्टर कर्नलसाहेब म्हणाले, "तोंड उघडा."

हैबतीनं उघडलं. तेवढ्यात चहा आला. साहेब चहाला गेले आणि 'मिटा' म्हणायचं राहून गेलं.

मोघे कारकुनांनी विचारलं, "नाव?"

"आऽऽ."

"गाव?"

"आऽऽ."

मोघ्यांनी लिहिलं: इसम माहिती देत नाही, पुढील तारीख द्यावी.

हैबती तसाच एसटीत बसला आणि तसाच घरी आला. बायको अनुसया दारात उभी होती. तिनं हनुवटीला हात लावून त्याचं तोंड मिटलं. सगळं ऐकून घेतल्यावर ती म्हणाली, "आवं, साहेबाचं बघून झालं की आपलं आपण मिटावं. कुणी सांगंस्तवर थांबू नये."

"बरं," हैबती म्हणाला.

तीन महिन्यांनी पुन्हा बोर्ड. हैबतीनं तोंड उघडलं. कर्नलसाहेबांनी कवळी हलते का पाहायला आत बोट घातलं आणि म्हणाले, "हं."

हैबती समजला, साहेबाचं बघून झालं. त्यानं आपलं आपण मिटलं.

साहेब बराच वेळ इंग्रजीत बोलत होते. मग मराठीत म्हणाले, "चावलात तुम्ही मला?"

"नाही साहेब. कवळी चावली."

"कवळी कुणाची?"

"सरकारची, साहेब."

बोर्डानं नोंद केली: चावण्याची शक्ती उत्तम. टक्का पाच.

मोघे कारकून माणूस वाईट नव्हता. त्यांनी हैबतीला व्हरांड्यात गाठलं. "हैबतराव, कवळी घालून कशाला आलात? भोक दिसायला नको का? अपील करा, मी अर्ज लिहून देतो. पुढच्या खेपेला कवळी घरी ठेवा. आणि साहेबाला तोंडावर नाही म्हणत जाऊ नका. साहेब विचारील त्याला होय म्हणायचं."

"बरं," हैबती म्हणाला.

तिसऱ्या तारखेला कवळी घरी राहिली. साहेबांनी बोट खिशात ठेवून लांबूनच बॅटरी मारली. मग मऊ आवाजात म्हणाले, "अर्ध्याहून जास्त हाड गेलंय की."

"होय साहेब."

"पाणी नाकातून येतं?"

"होय साहेब."

"भाकरी चावायचे हाल होत असतील?"

"होय साहेब."

साहेबांनी टक्क्याच्या रकान्यात पन्नास लिहिले. हैबतीला म्हशीच्या हंबरण्याचा आवाज ऐकू येऊ लागला. एकच प्रश्न राहिला होता. तो फॉर्मवर कुणी आणि कशाला घातला हे बोर्डात कुणालाच ठाऊक नव्हतं, पण छापला होता म्हणून विचारायचा.

"गेलेलं हाड परत आलं आहे काय?"

साहेबांच्या पाठीमागून मोघे जोरजोरात नकारार्थी मान हलवत होते. त्यांना मानेचा त्रास असावा, असं हैबतीला वाटलं.

"होय साहेब."

साहेबांनी पुन्हा बॅटरी मारली. भोक होतं. मग फॉर्म पाहिला. फॉर्मवर 'होय' होतं. भोकावर सही करता येत नाही, फॉर्मवर येते. तिघांनी केली. पन्नास खोडून शून्य लिहिलं, आणि खाली नियमाप्रमाणे शेरा मारला: हाड परत आल्याने सरकारी कवळी जमा करावी.

अनुसया शेतात असताना हैबतीनं घरून कवळी नेली, त्याच दिवशी जमा केली आणि संध्याकाळच्या एसटीनं परत आला. हातात शिक्क्याचा दाखला होता.

"काय झालं?" अनुसयानं विचारलं.

"जबडा मंजूर झाला. दूध नको, आज कोरडी भाकरी वाढ."

ती ताटात कडक भाकरी ठेवून समोर बसली. हैबतीनं तुकडा तोंडात घातला, इकडून तिकडे फिरवला आणि होता तसा बाहेर काढला. दाखला उघडून वरपासून खालपर्यंत पुन्हा वाचला. मग समजुतीच्या सुरात म्हणाला, "चूक सरकारची नाही. त्यांनी नुसतं हाड मंजूर केलंय. दातांसाठी उद्या वेगळा अर्ज देतो."