डोंगर सुकायच्या आधी

कुंचले बोलायचे त्या काळी एका चित्रकाराच्या डब्यात एक झिजलेली कुंचली आणि तिची लेक राहायच्या. लेक तैलरंगात डोंगरातलं गाव रंगवायला शिकत होती. तिने भरपूर तेल घालून डोंगराचा जाड थर दिला आणि चौथ्याच दिवशी त्याच्या उतारावर घर काढायला निघाली.

"थांब गं बाई, डोंगर अजून ओला आहे," आई म्हणाली.

"टेकून बघ की! खडखडीत वाळलाय."

"साय धरली म्हणून दूध निवत नाही. आत तोंड पोळेल इतकं गरम असतं. महिनाभर दम धर."

"तुझे केस गळले ना, म्हणून तुला सगळ्याचीच भीती वाटते," लेक हसली.

तिने पातळ रंगात घर काढलं. उंबऱ्यात बाई काढली, अंगणात दुडुदुडु येणारं बाळ काढलं, आणि बाईचे हात त्याच्याकडे पसरले. चित्र इतकं गोड झालं की आईसुद्धा बघत राहिली.

पुढे डोंगर आतून सुकू लागला, आकसला, आणि वरचा पातळ रंग तडकला. भेग उतरत उतरत अंगणात आली. लेक तिच्यात रंग भरत राहिली. भेग बुजायची, पुन्हा उघडायची. एका सकाळी बाळाएवढी खपली सुटून खाली पडली.

"आई, मी दुसरं बाळ काढते!" लेक रडत म्हणाली.

"काढशील गं. पण डोंगर अजून ओलाच आहे."

उंबऱ्यातल्या बाईचे हात तसेच पसरलेले राहिले.