लिटरला अठरा आणि साठ पावलं

"अठरा! अगं, लिटरला अठरा किलोमीटर देते ही पिकअप! शिरतंय का डोक्यात, आनशे?"

"शिरलं की! पण अठरा ते रिकामी पळते तेव्हा, की मागे होडी बांधल्यावर?"

बापूखोतांनी हातातलं गाडीचं माहितीपत्रक खाली केलं आणि शोरूममधून आलेल्या शिंगऱ्याकडे बघितलं. शिंगऱ्याने गळ्याचा टाय सैल केला.

"म्हणजे... अठरा रिकामीचं आहे, साहेब. ओढताना थोडं उतरणार."

"थोडं म्हणजे किती रे बाबा?"

"सात धरा."

"आई गं! अकरा वाटेतच सांडले की!" आनशी म्हणाली, आणि खारवीवाड्यातल्या बाया तोंडाला पदर लावून खिदळल्या.

हे भांडण सकाळी न्याहारीच्या आधी पेटलं होतं. बापूखोत नावाचे खोत, पण तीस वर्षं पुण्यात बँकेच्या खुर्चीत बसलेले. निवृत्त होऊन गावी आले आणि पाहुण्यांना खाडीत फिरवायला त्यांनी मोठी होडी घेतली. होडीच्या बुडाला शिंपल्या चिकटतात. दर तीन-चार महिन्यांनी ती बाहेर काढून खरवडावी लागते, रंगवावी लागते. ती ओढायला खोतांना हवी डिझेलची पिकअप. पिकअपला पाण्यापर्यंत यायला हवा रस्ता. आणि रस्ता आखला होता थेट आनशीच्या मासळीच्या वाळवणावरून! सातबारा खोतांचा, हे खरं. पण आनशीची सासू, सासूची सासू, सगळ्या त्याच तुकड्यावर जवळा नि सोडे वाळवीत आल्या. तो तुकडा गेला की आनशीची चूल थंड.

"आणि ओढायची तरी किती लांब?" आनशीचं तोंड काही थांबेना. "पाण्यापासून त्या उंडीच्या झाडापर्यंत साठ पावलं! साठ पावलांसाठी किलोमीटर मोजताय होय? लग्नाला बोलावलं एका माणसाला आणि मांडव घातला गावजेवणाचा!"

खोतांचे कान लाल झाले. बँकेत त्यांना कुणी असं बोललं नव्हतं.

"फार शहाणी आहेस ना? शिंगरे, होडी वर घ्यायला डिझेल किती लागेल?"

"चिखलातून? लिटरभर."

"ऐकलंस? मग तू लिटरभराच्या आत ओढून दाखव! बैल लावायचे नाहीत, माणसं बोलवायची नाहीत, इंजिन लावायचं नाही. एकटीनं! जमलं तर वाळवणाची जागा तुझ्या नावावर. नाही जमलं तर सोमवारी इथं जेसीबी!"

ती होडी चिखलात सरकवायला पंधरा गडी लागले असते. आनशीने आकाशाकडे बघून बोटांवर काहीतरी मोजलं.

"कबूल. पण दिवस मी सांगणार. शुक्रवारी दुपारी."

"शुक्रवारी का? उपास आहे?"

"तुमची होडी जड आहे, खोत. चार दिवस जेवून घेते!"

शुक्रवारी सगळा वाडा जमला. खोतांनी उंडीखाली खुर्ची टाकली, शिंगऱ्याने शेजारी स्टूल घेतलं. आनशीने होडीला लांब दोर बांधला, त्याचं दुसरं टोक झाडाला एक वेढा देऊन हातात घेतलं, झाडाखाली दोन ओंडके आडवे, अर्धे मातीत गाडून ठेवले आणि खुशाल जवळा निवडत बसली.

"ओढ की!" खोत म्हणाले.

"ओढतेय."

"हात कुठे हलतोय तुझा?"

"घाई काय आहे? तुमची गाडी तरी अजून शोरूममध्येच आहे ना?"

बारा वाजले. साडेबारा झाले. खोत घड्याळ बघत, शिंगरे मोबाइल बघत, आणि आनशी बघत होती पाणी. मधूनच डाव्या हाताने दोर आवळायची, की होडी हातभर पुढे. गाय दावणीला यावी तशी, शहाण्यासारखी!

"साहेब," शिंगरे एकदम ओरडला, "माझे बूट!"

बूट पाण्यात होते. खोतांनी खाली बघितलं तर खुर्चीचे चारी पाय बुडालेले, धोतराची कड तरंगतेय! दोघं पाय वर घेऊन बसले. त्यांच्या शेजारून होडी डुलत डुलत आली. आनशीने तिच्या पुढच्या टोकाला, नाळेला, दोन बोटं लावून ती ओंडक्यांवर नीट केली आणि दोर झाडाला बांधला.

"आज अवस आहे, खोत. अवसेचं उधाण उंडीच्या मुळाला शिवतं. तासाभरात पाणी उतरेल, होडी बसेल ओंडक्यांवर. बसा खरवडत."

"आणि परत खाली कशी न्यायची?"

"पंधरा दिवसांनी पुनव आहे की! तोवर रंग वाळतो."

खोत खुर्चीवर पाय पोटाशी घेऊन बसलेले. आधी त्यांनी गाल फुगवले, मग मिशी हलली, आणि मग असे हसले, असे हसले की खुर्ची कलंडली आणि खोत धपकन पाण्यात! पाण्यात बसूनही हसतच होते.

"जागा तुझी, आनशे! उद्याच तलाठ्याकडे जाऊ. आणि होडी वर-खाली करायचं कामही तुझंच. सांगशील ती मजुरी!"

"अहो साहेब, पण गाडीचं काय?" शिंगरे बूट पिळत कळवळला. "ऑफर रविवारपर्यंतच आहे! गाडी लागणारच तुम्हाला, आज ना उद्या!"

"तेही खरंच गं," भिजलेले खोत पुन्हा डळमळले. "अठरा म्हणजे अठरा... याला आता काय सांगू मी?"

आनशीने जवळ्याचं सूप उचलून काखेला लावलं.

"सांगा त्याला, आमच्या खाडीत एक गाडी महिन्यातून दोनदा न बोलावता दारात येते, होडी वर आणते, रंग वाळला की परत नेते, आणि डिझेलचा थेंबही मागत नाही, तिच्यापेक्षा कमी पिणारी आणलीस, तर मी माझ्या हाताने वाळवण उचलून तुला रस्ता करून देईन!"