वेशीबाहेरून ओरडलेलं उत्तर

अगं, ऐक ना, चावडीवर काय झालं ते! गाव जिंकून वेस बंद करणाऱ्या नव्या राजानं गोजरा कासारणीला विचारलं, "बोल, मी तारणहार की जुलमी?"

तारणहार म्हणणाऱ्या कोष्ट्याला खुशामतीबद्दल फटके बसलेले, जुलमी म्हणणारा तेली कोठडीत! गोजरानं हातातल्या बांगड्या मागे सारल्या नि राजाला म्हटलं,

"महाराज, तारणहारानं सोडवलेल्या माणसाला वेशीबाहेर जाता येतं. मला जाऊ द्या, तिथून तारणहार म्हणून ओरडते. नाही जाऊ दिलंत, तर उत्तर तुम्हीच दिलंत."

शेवटी राजानं वेशीचा दरवाजा उघडायला लावला. बाहेर पोचून गोजरा खरंच ओरडली, "तारणहार! आता बाकीच्यांनाही सोडा, तेही ओरडतील!"

अख्खं गाव राजाकडे बघत राहिलं. वेस उघडीच ठेवावी लागली, बाई!

तू असतीस, तर थांबून ओरडली असतीस की धूम ठोकली असतीस?