अक्कांची चूक

हे मी कुणाला सांगायचं नव्हतं. अक्कांना आपल्यावर गोष्टी रचलेल्या आवडत नाहीत. लोक गोष्ट ऐकतात आणि स्वतः तपासायचं सोडून देतात, असं त्या म्हणतात. पण मनात जे साठलंय ते तोंडाने बोलणं मला जमणार नाही, म्हणून लिहिते.

"मग पाठव म्हणून सांगू का अण्णाला?" मी विचारलं होतं.

प्रश्न अक्कांना होता. उत्तर महांतेशदादांनी दिलं.

"सांग की. मी तपासलंय."

आमच्या मठातल्या अक्का पूर्वी बेंगळुरात सॉफ्टवेअर लिहायच्या. आता मठाच्या मागच्या ओवरीत बसून क्रिप्टो ठेवायच्या वॉलेटची ॲप तपासतात. कंपनी म्हणते, आमच्या ॲपचा कोड सगळ्यांसमोर उघडा आहे. अक्का तो कोड घेतात, त्यातून स्वतः ॲप बनवतात आणि लोकांना मिळणाऱ्या ॲपशी ताडून पाहतात. दोन्ही एकच निघालं तर ठीक. नाहीतर दाखवायचं एक आणि द्यायचं दुसरंच.

महांतेशदादा हे शिकायला पुण्याहून आले होते. अक्कांकडून एकदा तरी 'शाबास' ऐकायचं आणि मगच परत जायचं, असं त्यांनी ठरवलेलं दिसत होतं.

मी मठाच्या वसतिगृहात राहते. अण्णा माझा मोठा भाऊ, जहाजावर असतो. साठवलेली सगळी क्रिप्टो तो त्या दिवशी आईच्या फोनमधल्या वॉलेटमध्ये पाठवणार होता. तेवढ्यावर जहाज सोडून घरी येणार होता, कायमचा. आईने फोन माझ्याकडे देऊन ठेवला होता आणि एवढंच म्हणाली होती, "अक्कांना विचार."

संध्याकाळी त्याचं जहाज बंदर सोडणार होतं, मग त्याचा फोन लागणार नव्हता.

"काय तपासलंस?" अक्कांनी विचारलं.

"सगळं. कंपनीच्या साइटवरून कोड घेतला, ॲप बनवलं. त्यांचं ॲप उतरवून घेतलं. एकेक फाइल ताडली. ॲपवरची कंपनीची डिजिटल सही तेवढी वेगळी, ती असणारच. बाकी तंतोतंत."

"तंतोतंत."

"हो अक्का. एक अक्षर इकडचं तिकडे नाही."

अक्कांनी हात पुढे केला. तळवा उघडा.

महांतेशदादांनी लॅपटॉप त्यांच्याकडे सरकवला.

हात तसाच राहिला.

त्यांनी निकालाचा कागद हातावर ठेवला. अक्कांनी तो न वाचता खाली ठेवला आणि हात पुन्हा पुढे केला...

"अजून काय पाहिजे, अक्का?" महांतेशदादा हसले. "दक्षिणा?"

अक्का त्यांच्याकडे बघतच नव्हत्या. हात माझ्यासमोर होता. मला ते कळायला वेळ लागला, कारण माझ्यासमोर कुणी हात पसरत नाही.

मी आईचा फोन त्यांच्या हातावर ठेवला.

"हे ॲप यात कुणी घातलं, कस्तुरी?"

"मावसभावाने. त्याच्या ग्रुपवर लिंक आली होती."

अक्कांनी फोन महांतेशदादांकडे सरकवला.

महांतेशदादांनी उठून केबल आणली. फोनमधलं ॲप बाहेर काढलं आणि आपण बनवलेल्या ॲपशेजारी ठेवलं. नाव तेच. चित्रही तेच. पडद्यावर मात्र फरक दाखवणाऱ्या लाल ओळी यायला लागल्या, आणि येतच राहिल्या.

ओळी वाचून ते म्हणाले, "वॉलेट उघडायचे गुप्त शब्द हे ॲप बाहेर पाठवतंय. ज्याच्याकडे ते शब्द, त्याचे पैसे."

"पाठवलेले परत मागता येतात?" मी विचारलं.

"नाही गं."

मी अण्णाला लिहिलं, थांब. त्याचं उत्तर आलं, "बरं. पुढच्या बंदरावर बघू." मग त्याचा फोन बंद झाला.

महांतेशदादा लॅपटॉप मिटून बसले होते.

"माझं कुठं चुकलं, अक्का?"

"कुठंच नाही. उत्तर बरोबर होतं."

"मग?"

"प्रश्न हिच्या हातात होता."

दुसऱ्या दिवशी अक्कांनी फोन पुसून कोरा केला. कंपनीच्या साइटवरून ॲप घातलं, मग फोनमधूनच परत बाहेर काढलं आणि स्वतः ताडून पाहिलं. या वेळी सही सोडली तर एकही लाल ओळ आली नाही, तेव्हा नव्या गुप्त शब्दांचं नवं वॉलेट उघडलं. मला रडू येत होतं. वाकून पाया पडायला गेले तर अक्कांनी पाय मागे घेतले.

"अण्णा येईल घरी," मी म्हटलं. "तुम्ही तपासलंत म्हणजे झालं."

"मग नाही झालं."

"का, अक्का?"

"वसतिगृहात तो जुना संगणक आहे ना? त्यावर पहिल्यापासून सगळं तू कर. कोड घे, ॲप बनव, आईच्या फोनशी ताड. माझी चूक काढ."

महांतेशदादांना हसू आवरलं नाही. "अक्का, हिला त्यातलं ओ की ठो कळत नाही."

"तुला कळत होतं की."

त्यांचं हसू थांबलं. मग ते स्वतःवरच हसले, मोठ्याने. मी त्यांना तसं हसताना पहिल्यांदाच पाहिलं.

ते रोज माझ्या शेजारी बसतात. हात मांडीवर. अक्कांनी त्यांना कीबोर्डला बोट लावायची मनाई केलीय. मी विचारलं तरच ते सांगतात, आणि मी फार विचारत नाही, म्हणून बिचारे कळवळतात. काल मी चुकीचा कोड उतरवला, मागच्या आवृत्तीचा. त्यांनी ओठ चावले, पण बोलले नाहीत. माझं मलाच दिसलं तेव्हा म्हणाले, "मला माझी चूक दिसायला पुण्याहून इथवर यावं लागलं."

परवा अण्णाचं जहाज बंदराला लागेल. त्याला 'पाठव' म्हणायचं की 'थांब', हे मी सांगायचंय. अक्का सांगणार नाहीत. महांतेशदादाही नाहीत.

आता ॲप बनतंय. जुना संगणक आहे, वेळ लागतो, म्हणून तेवढ्यात हे लिहून घेतेय. अक्कांनी त्या दिवशी हात पुढे केला नसता तर अण्णाची सगळी वर्षं त्या फोनमधून वाहून गेली असती, आणि मी घरी सांगितलं असतं की तपासून घेतलं होतं. त्यांचे आभार कसे मानायचे ते मला कळत नाही. पाया पडू देत नाहीत. शब्द माझ्याकडे नाहीत. म्हणून वाटतं, की त्यांची एखादी चूक मला खरंच सापडली, तर तेच त्यांना...

महांतेशदादा हाक मारतायत, "कस्तुरी, ॲप बनून संगणक थांबलाय. ये, काय दिसतंय ते तू सांग."