बैठकीतलं विणकाम

नगरपालिकेच्या बैठकीत पाणीपुरवठ्याचा अहवाल वाचला जात होता. आरोग्य निरीक्षक कुंदाताई मोहिते नातवाचा स्वेटर विणत तो ऐकत होत्या. मुख्याधिकारी घारपुरेसाहेब कडाडले, "बाई, ही बैठक आहे की भिशी? ज्याचे हात दुसऱ्या कामात असतील, त्याने आत्ताच्या आत्ता बाहेर जावं!"

कुंदाताई शांतपणे उठल्या. "जाते, साहेब. पण बाहेर एकटीला करमणार नाही. सगळ्यांनी हातात जे असेल त्यासकट दोन्ही हात टेबलावर ठेवावेत, म्हणजे सोबतीला कोण येतंय ते कळेल."

टेबलाखाली सगळ्यांच्याच हातात मोबाइल होते. एकही हात वर येईना. तेवढ्यात साहेबांच्याच मांडीवर ल्यूडो जिंकल्याची तुतारी वाजली.

साहेबांनी घसा खाकरला. "बसा, बाई. बाही अर्धवट राहायला नको."